कोरड्या हवेत भाजीचा मळा: वरची माती पाहून पाणी ठरवू नका

पाऊस नाही, ऊन कडक आणि वाराही सुटलेला, अशा दिवसांत रोज संध्याकाळी पाइप घेऊन सगळ्या वाफ्यांवर थोडं थोडं पाणी मारण्याचा मोह होतो. माती काळी दिसते, मनाला बरं वाटतं. पण ओल बोटभरच उतरते, मुळं वरच राहतात आणि पाण्याची एक पाळी चुकली तरी रोपं माना टाकतात.

पाणी द्यायचं की नाही, हे खुरप्याने ठरवा. रोपाच्या बाजूला १० ते १५ सेंमी उकरून तळची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर थांबा. भुगा झाला तर पाणी द्या. दुपारी भोपळ्याची, काकडीची पानं लोंबली म्हणून धावू नका, उन्हात ती तशी होतातच. सकाळीही लोंबलेली दिसली, तर मात्र उशीर झालाय.

भाजीपाल्याला साधारण आठवड्याला २५ मिमी पाणी धरतात. कडक उन्हात याहून जास्त लागतं. २५ मिमी म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, १०० चौरस मीटरला २,५०० लिटर. आता २० लिटरची बादली पाइपखाली धरून वेळ मोजा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, म्हणजे एवढ्या जागेला जवळपास दीड तास. बहुतेकांचं पाणी इथेच कमी पडतं. भारी (काळ्या, चिकण) जमिनीत हे एक-दोन पाळ्यांत द्या, हलक्या (वाळूसर, मुरमाड) जमिनीत तीन-चार पाळ्यांत. तिथे एकदम दिलेलं पाणी मुळांखाली निघून जातं.

वेळ पहाटेची उत्तम. पाणी बुडाशी द्या; पानं रात्रभर ओली राहिली की करपा, केवडा या रोगांना आमंत्रणच. ठिबक असेल तर फिल्टर धुवा आणि लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीच्या, शेवटच्या टोकाला जाऊन ड्रिपर टपकतात का ते बघा.

पाणी दिल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की हलकी खुरपणी करा. भारी जमिनीतल्या भेगा बुजतात आणि तण पितं ते पाणी वाचतं. मग ओल्या मातीवर ५ ते ८ सेंमी पेंढा किंवा वाळलेलं गवत पसरा. आच्छादन कोरड्या मातीवर घातलं तर हलका पाऊस त्यातच जिरतो. खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवा.

सगळ्यांना पुरेल इतकं पाणी नसेल तर निवड करावी लागते. नुकती लावलेली रोपं आणि फुलोऱ्यातली, फळं धरणारी पिकं आधी. टोमॅटोचं पाणी आज तोडून उद्या भरपूर, असं करू नका. फळं तडकतात, बुडाला काळी पडतात. पालेभाज्या पाण्यावाचून लवकर फुलावर येतात, म्हणून तयार असतील तर काढूनच घ्या. पात पडायला लागलेल्या कांद्याचं पाणी बिनधास्त बंद करा, तो उलट चांगला टिकेल.