‘या विषयावर काम झालेले नाही’ असे लिहिण्यापूर्वी : साहित्यशोधातील या चुका टाळा

ग्रंथालयशास्त्राच्या प्रबंधांत पूर्वसंशोधनाच्या प्रकरणाअखेरीस ‘या विषयावर मराठीत फारसे काम झालेले नाही’ असे वाक्य बऱ्याचदा वाचायला मिळते. काही वेळा ते खरेही असते. मात्र अनेकदा काम झालेले असते आणि शोधणाऱ्याने वापरलेला शब्द तेवढा त्या कामात नसतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकाच शब्दावर विसंबणे. ‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’ (साठवलेल्या माहितीतून हवी ती शोधून काढणे) ही संज्ञा अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ कॅल्विन मूअर्स यांनी 1950 च्या सुमारास रूढ केली. मराठीत मात्र तिच्यासाठी माहिती प्रतिप्राप्ती, माहिती पुनर्प्राप्ती, माहितीशोधन असे निरनिराळे शब्द वापरले जातात, आणि त्यांपैकी एकच टाइप करणाऱ्याला बाकीच्या शब्दांखालचे लेखन दिसतच नाही. ही अडचण केवळ मराठीची नाही. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अपघाताच्या खटल्यातील सुमारे 40,000 दस्तऐवजांतून वकील मंडळी संगणकावर शोध घेत होती. उपयुक्त कागदपत्रांपैकी किमान 75 टक्के आपल्याला मिळाली, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात सुमारे 20 टक्केच मिळाली होती. अपघाताला कोणी ‘घटना’ म्हटले होते, कोणी ‘अडचण’, तर कोणी नुसतीच ‘परिस्थिती’. समोर आलेली बहुतेक कागदपत्रे कामाची होती, म्हणूनच निसटलेल्यांची शंका कोणाला आली नाही. प्रिसिजन (मिळालेल्यांपैकी कामाच्या नोंदींचे प्रमाण) चांगले असले म्हणजे रिकॉलही (कामाच्या एकूण नोंदींपैकी मिळालेल्यांचे प्रमाण) चांगला असतो, हा समज इथेच मोडतो.

मराठीत याखेरीज लिपी आणि व्याकरण यांमुळेही शोध अडतो. ‘ग्रंथालय’ शोधताना ‘ग्रंथालयांतील’ किंवा ‘ग्रंथालयाच्या’ ही रूपे प्रत्येक प्रणाली ओळखेलच असे नाही, म्हणून सोय असेल तेथे शब्दाच्या मूळ भागाच्या शेवटी तारांकन (*) द्यावे. मात्र ‘पाणी’चे ‘पाण्या’ होते तसे सामान्यरूपात मूळच बदलत असेल, तर दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शोधावीत. ‘ग्रन्थ’ आणि ‘ग्रंथ’ ही दोन्ही लेखने तपासावीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यातला मजकूर कॉपी करून पाहिला तर रोमन अक्षरांचा गोंधळ हाती येतो. अशा फाइलच्या आत शोधणे व्यर्थ असल्याने शीर्षक, लेखक, मार्गदर्शक आणि विद्यापीठ यांच्या नोंदींवरून शोध घ्यावा. 2008 पासून ‘फायर’ (फोरम फॉर इन्फर्मेशन रिट्रीव्हल इव्हॅल्युएशन) या उपक्रमात मराठी मजकुरावर शोधप्रणालींची पद्धतशीर चाचणी होऊ लागली. मराठीतील माहिती प्रतिप्राप्तीवर काम करणाऱ्याने तेथील शोधनिबंध पाहिलेच पाहिजेत.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या नोंदी सर्वच ग्रंथालय-तालिकांत (कॅटलॉगमध्ये) जोडलेल्या असतात असे नाही. पुणे विद्यापीठाचे नामकरण 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले, तेव्हा जुन्या प्रबंधांसाठी जुने नावही द्यावे.

शोधवाक्यातील शब्द जोडणाऱ्या ‘किंवा’ (OR) आणि ‘आणि’ (AND) यांची सरमिसळ ही त्यामानाने छोटी चूक आहे: समानार्थी शब्द ‘किंवा’ने जोडून कंसात ठेवावेत आणि असे कंस एकमेकांना ‘आणि’ने जोडावेत. ‘नाही’ (NOT) शक्यतो वापरूच नये, कारण त्याने चांगली नोंदही गळते.

शोध फसला असे वाटले तर नवा शब्द सुचण्याची वाट पाहू नये. हाती आलेला एक चांगला प्रबंध घेऊन त्याची विषयशीर्षके (तालिकेत विषय दाखवण्यासाठी दिलेले शब्द) पाहावीत, त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे आणि त्याचा संदर्भ पुढे कोणी घेतला हेही शोधावे. ग्रंथालयात गेल्यास ड्युई वर्गीकरणातील 025.04 हा माहिती प्रतिप्राप्तीचा वर्गांक असलेल्या फडताळापाशी थांबून शेजारची पुस्तकेही चाळावीत. प्रत्येक शोधाची तारीख, प्रणालीचे नाव, जसेच्या तसे शोधवाक्य आणि मिळालेल्या नोंदींची संख्या वहीत टिपून ठेवावी. मग प्रबंधात ‘काम झालेले नाही’ असे न लिहिता ‘या प्रणालींत, या शब्दांनी, या तारखेपर्यंत आढळले नाही’ असे लिहिता येते, आणि परीक्षकाला ते स्वतः तपासता येते.