सामाईक कार्यजागा उघडण्यापूर्वीची तयारी, आणि फोनच्या खोल्यांविषयी पुन्हा एकदा

चाळीस जणांसाठी पहिली सामाईक कार्यजागा (को-वर्किंग स्पेस) उभी केली, तेव्हा माझी तयारीची यादी चांगली दोन पानी होती आणि तीत फोनवर बोलण्यासाठीच्या बंद खोलीचा उल्लेख कुठेही नव्हता. म्हणून ही यादी तिथूनच सुरू होते. टेबलांची मांडणी ठरवण्याआधी दर दहा खुर्च्यांमागे किमान एक, एका माणसापुरती, दार लागणारी खोली नकाशावर आखून घ्यावी, आणि पुढे ‘इथे आणखी दोन टेबले बसतील’ असे कुणी कितीही पटवून सांगितले तरी ती खोडू नये.

आमच्याकडे मोकळे दालन, काचेच्या भिंती, उघडी फरशी आणि आठ जणांची एकच बैठकीची खोली होती. दुसऱ्या आठवड्यात एक सभासद जिन्याच्या पायरीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, तोंडाशी हात धरून ग्राहकाशी बोलताना दिसल्या. तिसऱ्या आठवड्यात आठ जणांच्या खोलीत सकाळपासून एकच गृहस्थ फोनवर होते आणि ज्यांनी ती खोली राखून ठेवली होती ते पाच जण दाराबाहेर ताटकळत उभे होते. महिना संपेपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन चढले, आणि हेडफोन लावलेल्या माणसाला सहसा कुणी काही विचारायला जात नाही. ज्या सहकार्यासाठी भिंती टाळल्या, तेच भिंती नसल्यामुळे आटले. बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, दोन कंपन्यांनी आडोसे काढून मोकळे कार्यालय केल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आणि ईमेल वाढल्याचे आढळले होते. तो मी वाचला, पण खर्च होऊन गेल्यावर.

खोली बांधताना भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नये, कारण आवाज वरच्या पोकळीतून शेजारी उतरतो. ती थेट स्लॅबपर्यंत न्यावी. दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवावी. फट बुजवली की आत हवा कोंडते आणि दहा मिनिटांत माणूस दार उघडून बोलू लागतो, म्हणून कमी आवाजाचा पंखा आणि हवा बाहेर जाण्याची वाट हवीच. लॅपटॉप ठेवण्याइतकी फळी आणि एक सॉकेट, एवढे आत पुरे. गुबगुबीत खुर्ची ठेवल्यास लोक तिथे दिवसभर मुक्काम करतात.

आता उरलेली मांडणी. थॉमस ॲलन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास करून दाखवले, की बसण्याच्या जागांमधले अंतर वाढते तसे बोलणे झपाट्याने कमी होते आणि सुमारे ५० मीटरपलीकडे नियमित संवाद जवळपास उरतच नाही. तेव्हा चहाची जागा आणि प्रिंटर एकेकच असावेत, तेही मधोमध. सोयीसाठी दोन्ही टोकांना एकेक ठेवण्याचा मोह आवरावा. फोनच्या खोल्या मात्र चहापासून लांब असाव्यात. (होय, पुन्हा त्याच खोल्या.) बाकीचे सामान चाकांवर असलेले बरे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची ‘बिल्डिंग २०’ ही १९४३ मध्ये तात्पुरती म्हणून उभारलेली लाकडी इमारत १९९८ पर्यंत टिकली, आणि तिथल्या संशोधकांना गरजेप्रमाणे भिंती फोडण्याची, तारा ओढण्याची मुभा होती; तेवढी मोकळीक देता आली नाही तरी टेबल सरकवायला अर्ज करावा लागू नये.

इंटरनेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांकडून घ्याव्यात आणि त्यांच्या केबल इमारतीत वेगवेगळ्या मार्गांनी येतात ना, हे स्वतः पाहून घ्यावे. राउटर यूपीएसवर असावा. खुर्च्या, दिवे, स्वच्छतागृहे यांविषयी सांगायला नकोच.

प्रयोगशाळा किंवा कार्यशाळा जोडणार असाल, तर लेझर कटरचा धूर थेट इमारतीबाहेर जाईल अशी नळी आधी बसवावी, आणि त्यात पीव्हीसी कापण्यास लेखी मनाई करावी, कारण त्यातून विषारी, आम्लधर्मी वायू निघतो.

एकत्र केलेल्या कामाची मालकी कुणाची, हे सभासदत्वाच्या करारात पहिल्याच दिवशी लिहावे. ओळखी करून देणारा एक पूर्णवेळ माणूस नेमावा. लॉकर, किल्ल्या, पाहुण्यांची नोंद, अग्निशामक उपकरणे ही तपासून घ्यावीत. पहिल्या महिन्यात गर्दीची अपेक्षा नको. ब्रॅड न्यूबर्ग यांनी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या सामाईक कार्यजागेतही सुरुवातीचा महिना कुणी फिरकले नव्हते.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी एकाने फोनच्या खोलीत दार लावून नेहमीच्या आवाजात पाच मिनिटे बोलावे आणि दुसऱ्याने बाहेरच्या टेबलाशी बसून जे कानावर पडेल ते लिहून घ्यावे. कागदावर एक जरी पूर्ण वाक्य उतरले, तर उद्घाटन पुढे ढकलावे.