आदिमानव शिकायचाय? आधी दाढा शिका

डायनोसॉर आणि आदिमानव या दोघांचं वेड एकत्रच लागतं, पण शिक्षणाच्या वाटा वेगळ्या आहेत. डायनोसॉर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. ते हवे असतील तर भूशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी करा. पुढे यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. माणसाचे पूर्वज आणि त्यांच्या काळातले प्राणी हवे असतील, तर पुरातत्त्व. मी कला शाखेतून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एमएला आले.

कवट्या मिळतील या आशेने येऊ नका. आपल्याकडे नर्मदाकाठच्या हथनोऱ्याची कवटी ही एकच, तीही अर्धवट. १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना ती गोट्यांच्या थरात सापडली. ती होमो इरेक्टस या माणसाच्या जुन्या, नामशेष झालेल्या प्रजातीची की त्यानंतरच्या माणसाची, यावर अजून एकमत नाही. बाकी बहुतेक अभ्यास दगडी हत्यारांवर आणि प्राण्यांच्या हाडांवर चालतो.

त्यातही दाढांवर. दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग, म्हणून हाडाचा भुगा झाला तरी दाढ टिकते. स्टेगोडॉन हा हत्तीचा नामशेष झालेला नातलग. त्याच्या दाढेवर कौलारू छपरासारखे बुटके उंचवटे असतात. हत्तीच्या दाढेत मात्र उंच, पातळ पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. खरखरीत गवत चावून झिजली तरी ती दाढ पुष्कळ काळ पुरते. एवढ्या फरकावरून प्राणी ओळखता येतो आणि तो काय खात असेल याचा अंदाजही बांधता येतो. मला या विषयाची खरी गोडी लागली ती इथे.

म्हणून पहिल्या वर्षी जीवाश्मांमागे धावू नका. आजच्या गाय, म्हैस, चितळ, नीलगाय यांच्या दाढा हातात घ्या आणि चित्रं काढा. फोटो पुरत नाही. चित्र काढताना दाढेवरची प्रत्येक घडी बघावीच लागते.

तुकडेही जपा. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यांतल्या एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. महाराष्ट्रात एकेकाळी शहामृग होते, हे अशा कवचांमुळेच कळतं.

नदीकाठी काही दिसलं तर उपटू नका. थरातून सुटलेल्या हाडाचा काळ ठरवणं फार अवघड होतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जागा नेमकी टिपा आणि पुरातत्त्व विभागात कळवा.