कोकणातल्या हॉस्टेलवर पहिला पावसाळा कसा काढावा

हॉस्टेलला निघालेल्या पोराला घरचे तीन गोष्टी सांगतात: पैसे जपून वापर, वेळेवर जेव, कुणाच्या नादी लागू नकोस. रत्नागिरी, दापोली, लोणेरे, सावंतवाडी अशा ठिकाणी निघाला असाल, तर या तिन्हींच्या आधी ओल सांभाळायला शिका. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट तरी. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, म्हणजे नेमका तुमचं पहिलं सत्र चालू असताना. मी चार वर्षं अशाच एका हॉस्टेलवर काढली आणि पहिल्या वर्षी जवळजवळ सगळं चुकवलं.

कॉट निवडताना

खोलीत पाय ठेवल्यावर आधी भिंतींना हात लावून बघा. पाऊस इथे समुद्राकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत ओल धरते आणि त्या बाजूच्या खिडकीतून झड आत येते. वाऱ्याची कॉट म्हणून सगळे तीच पकडायला धावतात. धावू द्या, तुम्ही आतल्या भिंतीची घ्या. रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर कॉट आणि कपाट वीतभर पुढे ओढा. पुस्तकं कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवू नका, आणि ठासून भरू नका.

कपडे वाळवायची पद्धत

जीन्स एकच आणा. जुलैत ती चार दिवस वाळत नाही, आणि वाळली असं वाटून घडी घातलीत की आठवड्यात तिच्यावर हिरवट ठिपके येतात. ट्रॅक पँट, टेरिकॉटची पँट, पातळ टी-शर्ट बरे. जाड टॉवेलाऐवजी दोन पंचे घ्या.

कपडे रोज दोन-दोनच धुवा. रविवारी बादलीभर भिजवणारा मंगळवारी ओल्या बनियनने लेक्चरला जातो. घट्ट पिळा, दिवसभर पॅसेजमधल्या दोरीवर टाका, रात्री पंख्याखाली, आणि सकाळी इस्त्री. शिवणी आणि कमरेची पट्टी इस्त्रीने नीट तापवा, कुबट वास तिथूनच सुरू होतो. डांबरगोळ्या किडीला आहेत, ओलीला नाहीत. कपाटात बल्ब लावून ठेवायची युक्ती कोणी सीनियर शिकवेल. एकदा आमच्या मजल्यावर एक शर्ट जळला, तेव्हा नकोच.

वह्या आणि जर्नल

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हवेतली ओल कागद पिऊन घेतो, आणि अशा कागदावर जेल पेनची शाई फुटते. माझ्या पहिल्या जर्नलच्या आकृत्यांना बाजूंनी निळ्या मिशा फुटल्या होत्या. सरांनी ते दोन बोटांत धरून उचललं आणि विचारलं, ‘हे विहिरीतून काढलंस का?’ तेव्हापासून पावसाळ्यात बॉलपेन. जर्नल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मगच सॅकमध्ये, सॅकला वरून कव्हर असलं तरी.

लाईट जाणार हे धरून चाला

तारेवर फांदी पडली की लाईट जाते. ती बराच वेळ आली नाही तर मोबाइलची रेंजही मागोमाग जाते. म्हणून नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, लेक्चरचे व्हिडिओ लाईट असतानाच उतरवून ठेवा. पॉवर बँक झोपताना भरलेली हवी. चार्जिंगचा एक दिवा प्रत्येकाने स्वतःचा ठेवावा, पार्टनरच्या दिव्यावर अभ्यास केला की पार्टनरला झोप आली की आपला अभ्यास संपतो.

खोलीत अभ्यास होतो असं मला कधी वाटलं नाही. पहाटे पाच ते सात मेसच्या टेबलावर मात्र होतो. चुलाण पेटलेलं असतं, जागा कोरडी असते आणि मेसचे मामा पहिला चहा आपल्याला देतात.

अभ्यासाचा खरा घात एका वाक्याने होतो: ‘गणपती झाले की बघू.’ ऑगस्टभर सगळे हेच म्हणतात, मग अर्धं हॉस्टेल गावी जातं, आठ-दहा दिवसांनी जागरणांनी डोळे सुजवून परत येतं, आणि परीक्षा समोर असते. सबमिशन गणपतीच्या आधी उरका. रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. तारीख भिंतीवर लिहा, कोकण रेल्वेच्या गाड्या उघडल्या-उघडल्या भरतात. घाटावरून आला असाल आणि गावी जाणं जमत नसेल, तर आधी मेस चालू राहणार का ते विचारा. कोणी मित्र ‘चल आमच्याकडे’ म्हणाला तर लाजू नका. फक्त आरतीला मागे उभे राहू नका आणि जेवल्यावर आपलं पान आपण उचला.

मेस

भात जास्त, चपाती कमी. घाटावरच्या पोरांची भाकरीवाचून महिनाभर कुरकुर चालते, मग सवय होते. घरून मेतकूट, लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणाल तर काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या. ओला चमचा एकदा गेला की संपलं. सुकटीची चटणी आणायची तर आधी रूम पार्टनरला विचारा. आमच्याकडे दोन मित्र त्यापायी महिनाभर बोलत नव्हते. मेसला खाडे धरायचे असतील तर किती दिवस आधी लिहून द्यायचं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

पाय, पाणी आणि फुरसं

दिवसभर ओले बूट घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रबरी सँडल वापरा, खोलीत आल्यावर बेचके कोरडे करा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नका. उंदरांच्या, गुरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. तापासोबत पोटऱ्या ठणकायला लागल्या तर दवाखान्यात पाण्यातून चाललो होतो हे आपणहून सांगा.

बूट घालण्यापूर्वी झटका, रात्री बाहेर पडताना टॉर्च घ्या. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, दगडांखाली फुरसं हा साप असतो, छोटा दिसतो पण विषारी. चावला तर कापाकापी नको, करकचून बांधणं नको, मांत्रिक नको. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय.

रॅगिंग झालं तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२. तो फोनमध्ये ठेवा.

ऑक्टोबरचं ऊन

पाऊस सरला आणि पहिलं कडक ऊन पडलं की गादी, उशी, बॅगा, पुस्तकं, सगळं गच्चीवर न्या. पुस्तकं उभी, पानं पसरून. गादी दुपारी बारा वाजता उलटा. आणि चारच्या आत सगळं खाली आणा, कारण परतीचा पाऊस संध्याकाळी ढग गडगडवत येतो, आणि भिजलेली गादी मग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाळत नाही.