दिव्यांग मुलाच्या आईबाबांनी स्वतःसाठी वेळ काढायचा कसा

"स्वतःची पण काळजी घे गं" असं सगळेच सांगतात, डॉक्टर सांगतात, नणंद सांगते, सोसायटीतल्या काकू सांगतात, पण तेवढ्या वेळात पोराला बघणार कोण ते कुणीच सांगत नाही. म्हणून योगा, डायरी, पार्लर सगळं नंतर. आधी घरात दुसरा माणूस तयार करा, जो तुमच्याशिवाय दोन-तीन तास निभावून नेईल.

हा माणूस बहुतेक वेळा घरातच असतो, बाबा! बऱ्याच घरांत बाबांना थेरपीची फी पाठ असते पण व्यायाम कुठले ते माहीत नसतं. नाहीतर मावशी, आत्या, कुणी पगारी ताई. आजी-आजोबा असतील तर छानच, फक्त उचलायचं काम त्यांच्यावर टाकू नका.

एकदम सगळं सोपवायचं नाही. आधी एकच काम द्या, समजा दुपारचं जेवण, तुम्ही शेजारी बसा. जमायला लागलं की तुम्ही दुसऱ्या खोलीत, मग खाली एक चक्कर, मग खरंच बाहेर. वरणभात सांडेल, मुलगा तुमच्या नावानं रडेल, भरवायची पद्धत तुमच्यासारखी नसेल, तरी स्वयंपाकघरातून "असं नाही, तसं" ओरडायचं नाही, नाहीतर तो माणूस परत हात लावणार नाही.

फ्रिजवर एक कागद लावा. औषधांची नावं आणि वेळा, जेवताना कसं बसवायचं (आडवं ठेवून भरवायचं नाही), शी-शू आली की तो काय खूण करतो, चिडला की कशानं शांत होतो, डॉक्टरांचा नंबर. फिट येत असेल तर ते मोठ्या अक्षरात: कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता परत आली तर सरळ हॉस्पिटल. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कुठं ठेवलाय आणि कसा मारायचा तेही लिहा.

आता कंबर. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर नीट ताबा राहत नाही) असलेलं मूल लहान असताना कडेवर सहज मावतं, पण वजन १५-२० किलो झालं की कंबर बोलायला लागते आणि आपण बाम चोळून परत उचलतो. फिजिओला सरळ म्हणा की आता मला शिकवा. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकवून खाली जायचं, मूल छातीशी घट्ट धरायचं, उचलल्यावर कमरेत पिळायचं नाही तर पावलं टाकून वळायचं. मूल जड झालं असेल तर दोघांनी उचला.

झोपेची वाटणी करा, मूल रात्री उठत असेल तर दोनपर्यंत एक जण, पुढं दुसरा. आणि मुलाचं फॉलोअप असेल त्याच दिवशी स्वतःचं बीपी, शुगर तपासून घ्या, वेगळी चक्कर आपल्याकडून होत नाही हे माहितीये ना!

रात्री तीनला छातीवर बसतो तो "आपल्यानंतर कोण" हा प्रश्न, आणि त्यातला थोडा भाग कागदपत्रांनी हलका होतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. याच मुलांसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व घेता येतं, त्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. हे काम बाबांकडे द्या, ऑनलाइन फॉर्म भरायला त्यांना आवडतं.

दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, किंवा स्वतःला नाहीतर दोघांनाही संपवावं असं मनात आलं तर हा नुसता थकवा नाही. त्याच दिवशी कुणालातरी सांगा, एकट्या राहू नका, १४४१६ ला फोन लावा. टेलीमानस म्हणतात, मन खचलेल्यांसाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि ते तीन तास मिळाले की त्यात रेशन, बँक, गॅसचा नंबर असलं काही घुसवू नका. नुसतं झोपलात तरी चालेल. मागं राहिलेल्या माणसानं जेवण झाल्यावर एक मेसेज टाकायचा हे आधीच ठरवा, म्हणजे तुम्ही दर दहा मिनिटांनी "खाल्लं का" म्हणून फोन करणार नाही.