व्हेरिगेटेड अलोकेशिया: नवं पान आलं की जुनं पिवळं पडतं, पांढरा भाग तपकिरी होतो (सोडवलेला प्रश्न)

व्हेरिगेटेड अलोकेशिया म्हणजे अळूच्या कुळातलं, पानांवर पांढरे डाग असलेलं शोभेचं झाड. लक्षण: देठ मऊ, पानं खाली झुकलेली, माती आठ दिवसांनीही ओलीच. पाणी कमी केलं, खत दिलं, कुंडी उन्हात सरकवली. उन्हात पांढरा भाग उलट करपला. तीन महिने वाया गेले.

दोष मुळांत होता. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, झाड सावकाश वाढतं आणि पाणीही कमी ओढतं. मोठ्या कुंडीतल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुळं गुदमरून कुजली होती.

उपाय याच क्रमाने: हातमोजे घाला, चीक खाजरा असतो. झाड काढून मुळं धुवा. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मऊ, तपकिरी मुळं कापा. कंद दाबून बघा. मऊ लागला तर आत पांढरा, टणक गर दिसेपर्यंत कापत जा (इथे हात आखडू नका, थोडी कूज राहिली तरी ती पुन्हा पसरते). काप सावलीत 24 तास सुकवा. मग पारदर्शक पेल्यात ओलसर पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) भरून कंद अर्धाच रोवा. तळाशी 1 सेंमी पाणी, ते कंदाला लागायला नको. वरून सैल पिशवी, 24 ते 28 अंश, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही.

मुळं 5 सेंमी झाल्यावर नारळाच्या सालीचे तुकडे 2 भाग, पर्लाइट 1, कोकोपीट 1 अशा मिश्रणात लावा. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम 2 सेंमी रुंद. वरचा 3 सेंमी थर सुकल्यावरच पाणी. एखादं जुनं पान गळेल, ते चालतं.