गाडी ऑइल खातेय? इंजिन उतरवायच्या आधी हे बघा

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की 'हाफ इंजिन (म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम) करावं लागेल' हे ठरलेलं उत्तर मिळतं. कधी ते खरंही असतं. पण मारुती 800, जुनी झेन, वॅगन आर अशा गाड्यांत ऑइल जायच्या वाटा तीन-चार आहेत आणि त्यातल्या काही स्वस्तात बंद होतात.

आधी मोजमाप. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. खुणेच्या वर नको, जादा ऑइलही जळतं. किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते मापाने बघा. दोन-तीनशे मिली जुन्या इंजिनाला माफ. अर्ध्या लीटरच्या पुढे गेलं तर शोध घ्यायचा. ऑइलचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, तोवर बेअरिंगला मार बसलेला असतो.

जळतंय की गळतंय? रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, क्रँकची ऑइल सील, चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीचा) जोड ही नेहमीची ठिकाणं. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं ऑइल गरम मॅनिफोल्डवरच जळून जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही, फक्त करपट वास येतो.

गळती नसेल तर धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळा भपका आला आणि मिनिटभरात विरला, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील. कसारा घाट गिअरमध्ये उतरून खाली आलात, सपाटीला अॅक्सिलरेटर दाबला आणि आरशात निळा ढग दिसला, तरी संशय सील आणि गाइडवरच (गाइड म्हणजे दांडी ज्यातून सरकते ती नळी): पाय वर असताना इनटेकमधली ओढ वाढते आणि गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. चढावर, लोडवर सतत निळा धूर असेल तर पिस्टनवरच्या रिंगा. काळा धूर पेट्रोलचा. गरम इंजिनातून सतत पांढरा येत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघा.

रिंगांवर आळ घेण्याआधी ब्रीदर पाइप आणि असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा) काढून बघा. व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला पाहिजे. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब साठून सील गळायला लागतात, उघडा अडकला की ऑइल थेट इनटेकमध्ये जातं. काही शे रुपयांचा भाग, पण तपासतो कोण!

आता कॉम्प्रेशन, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच फेरे क्रँक. काढलेल्या प्लगकडेही बघा: एकच ओला, काळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. 170 पीएसआयच्या आसपास चांगलं, सिलिंडरांमध्ये 15 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा झटकन वाढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

इथेच अनेक जण फसतात. कॉम्प्रेशन धरतात ते वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली पाठवते ती तिसरी, आणि ती कार्बनने जाम झाली तरी गेज उत्तम आकडा दाखवतं. असं वाटत असेल तर पिस्टन मधल्या उंचीवर आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये 20-30 मिली कार्बन क्लीनर सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावताच क्रँक करा (भोकांवर कापड धरा, डोळे सांभाळा), नाहीतर वर साचलेल्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकेल. क्लीनर चेंबरमध्ये उतरलेला असतो, म्हणून इंजिन चालवण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. जाम रिंगा नेहमी सुटतातच असं नाही, पण इंजिन उघडण्याआधी हा खर्च करून बघण्यासारखा आहे.

व्हॉल्व्ह सीलसाठी हेड उतरवावं लागतंच असं नाही. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सरकवा, टोक बाहेर राहू द्या, मग क्रँक हाताने फिरवून दोरी घट्ट दाबून धरा. व्हॉल्व्ह खाली पडत नाही. स्प्रिंग दाबण्याआधी ऑइल परतीची भोकं चिंधीने बुजवा, व्हॉल्व्ह लॉक (स्प्रिंग धरून ठेवणारी बारीक पाचर) त्यात गेलं तर चेंबर उतरवावं लागेल. सील काढल्यावर व्हॉल्व्हची दांडी आडवी हलवून बघा. स्पष्ट डुलत असेल तर गाइडही गेलंय आणि हेड लेथवर न्यावंच लागेल. नवं सील बसवताना दांडीच्या खाचेवर टेप गुंडाळा, ऑइल लावा, नाहीतर सीलची ओठपट्टी तिथेच फाटते.

रिंगाच टाकायच्या ठरल्या तर बोअर मोजून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. बोअरच्या वरच्या कडेला नख अडकत असेल, तर नुसत्या रिंगा काही हजार किलोमीटरही टिकणार नाहीत. बोअरिंग करून 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाका. बोअर चांगला असेल तर हॉनिंग करून आडव्या-तिडव्या रेघा पाडून घ्या. 68.5 मिमी बोअरच्या मारुती 800 ला वरच्या रिंगेचा गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) 0.20 ते 0.35 मिमीच्या दरम्यान हवा. तो रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने बघायचा. पिस्टनवर बसवताना तिन्ही रिंगांचे गॅप एका रेषेत येऊ देऊ नका, रिंगेवरची खूण वर.

पहिले 500 किलोमीटर एकाच वेगाने गाडी रेटू नका आणि तासन् तास आयडलवरही ठेवू नका, रिंगा बसायला बदलता लोड लागतो. मग ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला.